झाकलेली नावं

“बाई, तो विषय तुमचा होता हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

समरजितनं दारातूनच विचारलं. पायातले बूट तसेच, धाप लागलेली.

मगदूम बाई पंख्याखाली बसल्या होत्या. समोर टेबलावर कॉन्फरन्सच्या कार्डांचा ढीग. येणाऱ्या लोकांनी गळ्यात अडकवायची ती कार्डं. एकेका कार्डाच्या भोकातून बाई निळी नाडी ओवत होत्या.

“आधी बूट काढ,” त्या म्हणाल्या.

त्यानं काढले.

“आता आत ये. आणि विलास, तू का जिन्यात लपलायस? तूही ये.”

विलास म्हणजे मी. लपलो नव्हतो, व्हॅन लावून मागनं येत होतो. पण बाईंना ते सांगण्यात अर्थ नव्हता. पॉलिटेक्निकला त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचो, तेव्हापासून त्यांच्या लेखी मी कुठं ना कुठं लपलेलाच असतो.

समरजित उभाच राहिला.

“बाई... मी तुमचा विषय नाकारला.”

“हो. सकाळी पत्र आलं.”

“मला माहीत नव्हतं.”

“माहीत नसायलाच पाहिजे होतं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं कार्ड उचललं.

इथं जरा मागचं सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, एवढं काय आभाळ कोसळलं.

सांगलीत आमचा एक कट्टा आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरतो. ज्याला जे येतं ते त्यानं फळ्यासमोर उभं राहून बाकीच्यांना दाखवायचं. चुकलं तर सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायचं. मग चहा. फी नाही, अध्यक्ष नाही, हारतुरे तर नाहीतच. सतरा वर्षांपूर्वी बाईंनी तो पाच जणांवर सुरू केला. त्या पाचांतला एक मी. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. प्रोग्रॅम मला बेताचाच येतो, पण वायर, माईक आणि प्रोजेक्टर ह्या खात्यांचा मंत्री मी.

समरजित पाटोळे हे कट्ट्याचं लाडकं लेकरू. अकरावीत असताना आला, शर्टाची बटणं वरखाली लावून. आता एकोणतीसचा आहे. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतो. मोठ्या शहरांतल्या कॉन्फरन्समध्ये दोनदा भाषण देऊन आलाय. तिकडून आल्यापासून त्याची चाल थोडी बदलली. नवी पोरं त्याला ‘समर सर’ म्हणतात आणि तो नको म्हणत नाही.

यंदा पहिल्यांदाच आम्ही गावात दोन दिवसांची कॉन्फरन्स घ्यायचं ठरवलं. कुणाला कशावर बोलायचंय ते लिहून मागवलं. शेहेचाळीस विषय आले. जागा पंधरा. निवडीचं काम समरजितकडे दिलं.

निवडीचा नियम बाईंनीच घालून दिलेला. पाठवणाऱ्याचं नाव झाकायचं. कुठल्या कॉलेजचा, कुठल्या कंपनीचा, पुरुष की बाई, काही म्हणजे काही दिसता कामा नये. वाचणाऱ्यानं खाली आपला शेरा लिहायचा, आणि तो शेरा जसाच्या तसा पत्रातून पाठवणाऱ्याला जायचा. प्रत्येक विषय दोघांनी वाचायचा, असंही नियमात आहे. दुसरा मी होतो. मी समरजितला म्हणालो, तूच बघ बाबा, मला त्यातलं काय कळतंय. हे माझं पाप आधीच कबूल करून टाकतो.

रविवारी सकाळी दहाला सगळ्यांना पत्रं गेली. पत्रं गेली की झाकलेली नावं आपोआप उघडतात. ती सोयही समरजितनंच केलेली, आणि तिचं त्याला फार कौतुक. अकराच्या आत तो माझ्या दारात होता. चेहरा पांढराफटक. हातातला फोन त्यानं माझ्या डोळ्यांसमोर धरला. नाकारलेल्यांच्या यादीत वरून तिसरं नाव होतं, सुनंदा मगदूम.

व्हॅनमध्ये तो वाटभर फोनमध्ये डोकं घालून काहीतरी टाइप करत होता.

आणि आता तो बाईंच्या समोर उभा होता, अनवाणी.

“शेरा काय लिहिलायस, आठवतंय?” बाईंनी विचारलं.

त्यानं घाम पुसला.

“मला आठवतंय. पण तुझ्या तोंडून ऐकू दे.”

“बाई, नको...”

“लिहिता आलं ना? मग म्हणताही येईल.”

फरशीकडे बघत तो म्हणाला, “हा विषय वीस वर्षांपूर्वी ठीक होता. आज ह्याला कोण बसणार? वक्त्यानं थोडं जगाबरोबर चालावं.”

बाईंनी नाडीला गाठ मारली. ओढून घट्ट केली. कार्ड बाजूला ठेवलं.

विषय होता, मशीन बंद ठेवून प्रोग्रॅम कसा वाचावा. प्रोग्रॅम कागदावर लिहायचा. पेन्सिल घ्यायची आणि आपणच मशीन होऊन एकेक ओळ चालवायची. कुठल्या ओळीला कुठला आकडा झाला ते बाजूला मांडत जायचं. बाईंनी आम्हा सगळ्यांना असंच शिकवलं. समरजितलाही, ह्याच टेबलावर.

“मला ओळखू यायला पाहिजे होतं,” तो म्हणाला. “निदान पेन्सिल म्हटल्यावर तरी.”

“किती वेळ वाचलास?”

“...दोन मिनिटं.”

“सगळ्यांना दोन-दोन?”

“हॉल, जेवण, प्रोजेक्टर, येणाऱ्यांची राहायची सोय... सगळं माझ्याच अंगावर होतं, बाई.”

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं हे न बोलणं फार वाईट. ओरडल्या तर परवडतं.

समरजित एक पाऊल पुढं आला.

“तुम्हाला वाईट वाटलं?”

“वाटलं की.” बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. “चहा उतू गेला तरी कळलं नाही. सहासष्ट वर्षं झाली म्हणून काय माणसाची कातडी जाड होते होय?”

समरजितच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू. सकाळी नकार वाचून, गॅस पुसून ही बाई त्याच कॉन्फरन्सच्या नाड्या ओवायला बसली होती.

“पण मी सगळं नीट करून आणलंय,” समरजित घाईघाईनं म्हणाला. त्यानं फोन पुढं केला. “हे नवीन वेळापत्रक. पहिल्या दिवशी उद्घाटन झालं की लगेच तुमचं भाषण. मोठ्या हॉलमध्ये. आणि त्याआधी तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ...”

“म्हणजे मला नारळ देतोस होय?”

मी हसलो. तो हसला नाही.

“आणि जागा कुठनं आणलीस?” बाईंनी विचारलं. “पंधराच होत्या ना?”

“पंधराव्या नंबरला एक जण होता. त्याला पुढच्या वर्षी घेऊ.”

“त्याला पत्र गेलंय?”

“गेलंय. पण मी फोन करतो. म्हणतो, चूक झाली.”

“कुणाची?”

समरजित फोनवर नुसतं बोट फिरवत राहिला.

“समर, तो पंधरावा आत्ता घरात सांगत असेल, माझा नंबर लागला म्हणून. आईनं शेजारी जाऊन सांगितलंही असेल.”

समरजितनं फोन मागं घेतला.

“मग मी करू काय?” त्याचा आवाज फुटला. “सत्तावीस वेळा हात धरून शिकवलंत तुम्ही मला. आणि मी तुम्हाला लिहितो, जगाबरोबर चाला म्हणून. बाई, तुमच्याशिवाय मला त्या स्टेजवर उभं राहवणार नाही. तुम्ही म्हणाल ते करतो. सगळं रद्द करतो.”

“रद्द करतोय मोठा. दोनशे कार्डांना नाड्या ओवल्यात मी.”

बाई उठल्या. मांडीवरचे दोरे झटकले. आपली वेताची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“इथं बस.”

त्या खुर्चीत आमच्यापैकी कुणी कधी बसलं नव्हतं. मनाई नव्हती, आपलं बसलो नव्हतो.

“तिथं तुम्ही...”

“बस म्हटलं ना.”

तो टेकला, खुर्चीच्या अगदी कडेला. बाईंनी स्वैपाकघरातून स्टूल आणलं आणि त्याच्यासमोर बसल्या. स्टूल बुटकं होतं, त्यामुळं त्यांना मान वर करून त्याच्याकडे बघावं लागत होतं. त्यांनी दोन कागद त्याच्या हातात दिले. पेन्सिल आपल्याकडे ठेवली.

“हा माझा विषय. वाच. आणि कुठं कमी पडलंय ते सांग. पुढच्या वर्षी मला पुन्हा द्यायचाय.”

समरजितनं कागद भरभर खालपर्यंत नेले.

“चांगला आहे, बाई.”

“चांगला आहे असं सकाळच्या पत्रात नव्हतं.”

“तेव्हा मी नीट...”

“मग आता नीट.”

त्यानं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी आपला टेबलापाशी गेलो आणि नाड्या ओवू लागलो. दोन उलट्या ओवल्या. बाईंनी न बघता ‘उलटी’ म्हटलं, मी पुन्हा ओवली.

पंधरा मिनिटं गेली असतील. समरजित खुर्चीत हळूहळू मागं सरकला. कडेवरून मधे आला. ओठ हलायला लागले. अकरावीत असताना वाचताना असेच हलायचे. आपण कुणाच्या खुर्चीत बसलोय हे तो विसरला होता.

“बाई,” बऱ्याच वेळानं तो म्हणाला. “हे उदाहरण.”

“कुठलं?”

“बसच्या तिकिटाचं. तुम्ही उत्तर पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलंय. मग पेन्सिल घेऊन शोधायला राहिलं काय?”

बाईंनी मान वाकवून लिहून घेतलं.

“अजून?”

“आम्हाला शिकवताना तुम्ही चुकलेला प्रोग्रॅम द्यायचात. चूक कुठंय ते सांगायचा नाहीत. मला एकदा चार दिवस सापडली नव्हती. इथं तुम्ही बरोबर असलेला प्रोग्रॅम दिलाय. तो कशाला कोण एवढ्या बारकाईनं वाचेल?”

“हं. अजून?”

“अर्ध्या तासात बसत नाही हे. तुम्हाला दीड तास लागेल. समोर बसलेल्यांच्या हातात कागद द्यावे लागतील.”

“अजून?”

“...बास.”

बाईंनी लिहिलेलं परत वाचलं. मग पेन्सिल कानामागं खोचली.

“मग? ह्या वर्षी घेतोस?”

मी मनात म्हणत होतो, म्हण की रे हो. काय जातंय तुझं?

समरजितनं दोन्ही कागद मांडीवर सरळ केले. कोपरे जुळवले.

“नाही, बाई,” तो म्हणाला. “ह्या वर्षी नाही. अजून झालेला नाही हा.”

आणि मग बाई हसल्या, अगदी मनापासून. गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

“सतरा वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “कट्ट्यावर मी उभी राहिले की सगळे टाळ्या वाजवता. चुकले तरी वाजवता. मला कळतं रे. कुणी काही बोलत नाही, म्हणून मीच यंदा नाव झाकून पाठवलं.”

त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आज कुणीतरी माझं वाचलं.”

समरजितनं त्यांचा हात धरला आणि त्यावर तोंड टेकून रडला. बाईंनी त्याला रडू दिलं. मी खिडकीबाहेर बघत होतो, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले. एकदम हलका झाला. उठून बूट शोधू लागला.

“येतो बाई मग. हॉलवाल्याला भेटायचंय. तुमचा हा विषय पुढच्या वर्षी मी स्वतः...”

“बाकीची नावं वाचलीस?”

“कुठली?”

“ज्यांना नाही म्हणालास त्यांची.”

“नाही अजून. तुमचं दिसलं आणि तसाच निघालो.”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

एक बूट त्याच्या हातात होता. तो तसाच हातात राहिला. मग कानाच्या पाळ्यांपासून लाल होत होत तो सगळा लाल झाला. बूट खाली ठेवून तो परत आला. ह्या वेळी खुर्चीत बसला नाही. खाली, सतरंजीवर बसला.

“वाच,” बाई म्हणाल्या. “नाव आणि शेरा.”

त्यानं फोन उघडला.

“दिगंबर साळवेकर. ‘हे सगळं नेटवर फुकट मिळतं.’”

“पुढचं.”

“वैदेही मंत्री. ‘आधी इंग्रजी सुधारा.’”

“पुढचं.”

“इरफान नायकवडी. ‘विषय कळला नाही, कळून घ्यायची इच्छाही झाली नाही.’”

हे वाचताना त्याचा आवाज खाली गेला. इरफान आमच्या कट्ट्यावर दर वेळी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडतो.

“मी गमतीनं लिहिलं होतं, बाई. नाव नव्हतं ना समोर.”

“हो,” बाई म्हणाल्या. “नाव झाकायचा नियम मीच केला. माणूस झाकायचा नव्हता केला. पुढचं.”

“रेश्मा तांबोळी. कवठेमहांकाळ.”

“शेरा?”

त्यानं वाचला नाही. फोन माझ्याकडे दिला.

मी वाचला. “‘इतकं प्राथमिक कॉन्फरन्समध्ये चालत नाही. आधी शिकून घ्या, मग शिकवायला या.’”

रेश्माला मी ओळखत होतो. तिकडं एका दूध संकलन केंद्रात ती कॉम्प्युटरवर बसते. दोनदा एसटीनं कट्ट्यावर आली. मागं बसली, कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या वेळी मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा जवळ येऊन तिनं विचारलं होतं, “दादा, हितं बोलायला काय लागतं?” मी म्हटलं, काही लागत नाही, विषय पाठवायचा फक्त. पाठव तू, मी आहे. असं म्हणालो होतो मी. आणि तिचा कागद माझ्याकडे वाचायला आला, तेव्हा मी तो समरजितकडे ढकलला.

मी माझा फोन काढला. कट्ट्याचा ग्रुप उघडला. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तिथं एक ओळ आली होती. रेश्मा तांबोळी ग्रुपमधून बाहेर पडल्या.

“बाई,” मी म्हटलं, “ती ग्रुप सोडून गेली.”

बाईंनी डोळे मिटले.

“तिचा विषय काय होता, समर?”

“मला... आठवत नाही.”

“मोठ्यानं वाच. सावकाश.”

फोन परत घेऊन त्यानं वाचला. पानभरच होता. केंद्रात दुधाची जी चिठ्ठी निघते ती बारीक इंग्रजी अक्षरांत. म्हाताऱ्या बायकांना ती वाचता येत नाही, मग त्या रोज काउंटरवर विचारतात आणि मागच्यांचा खोळंबा होतो. रेश्मानं एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरांत निघते आणि कालच्यापेक्षा आज दूध किती कमी-जास्त तेही खाली येतं. आता म्हाताऱ्या चिठ्ठी हातात घेऊन आपापसांत वाचतात.

शेवटचा परिच्छेद वाचताना समरजित अडखळला. पुन्हा मागं जाऊन त्यानं तो नीट वाचला.

“‘केंद्रातलं मशीन मला कामाच्या वेळीच हाताळता येतं. म्हणून मी प्रोग्रॅम आधी वहीत लिहिला. घरी बसून एकेक ओळ हातानं करून बघितली. तीन चुका वहीतच सापडल्या. ही पद्धत मला कट्ट्यावर कळली. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांना ती सांगावी असं वाटतं.’”

“ह्याला कोण बसणार, विचारलं होतंस ना तू,” बाई म्हणाल्या. रागानं नाही, सहज.

समरजित म्हणाला, “हा घ्यायला पाहिजे होता. पंधरांतले चार तरी ह्याच्यापेक्षा कच्चे आहेत.”

“त्यांना पत्रं गेलीत.”

“गेलीत.” तो थांबला. “समारोपाचं भाषण माझं आहे. पंधरांच्या बाहेरचं. ते मी तिला देतो.”

“विषय चांगला आहे म्हणून देतोस, की तुला टोचतंय म्हणून?”

त्यानं विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं.

“दोन्ही,” तो म्हणाला.

“बरं झालं खरं बोललास. पण तिला पाहिजे का, ते तिला विचार. भीक घातल्यासारखं देऊ नकोस.”

त्यानं फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

“उचलत नाही.”

“कशाला उचलेल?” बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. आत जाऊन पर्स घेऊन आल्या, पाण्याची बाटली घेतली. आपल्या विषयाचे ते दोन कागद घडी करून पर्समध्ये टाकले.

“विलास, कवठेमहांकाळला किती वेळ लागतो?”

“तास धरा.”

“मग निघू या.”

“बाई, तुम्ही कशाला एवढ्या उन्हात?” समरजित म्हणाला. “चूक माझी आहे. मी जातो एकटा. माफी मागतो.”

“एकटा गेलास तर काय होईल सांगू? ती दार उघडेल. पाणी देईल, चहा ठेवेल. तू माफी मागशील, ती म्हणेल, ‘असू दे सर, तुमचं बरोबरच होतं.’ आणि पुन्हा कधी कट्ट्यावर येणार नाही.”

समरजितनं मान खाली घातली. असंच झालं असतं, हे त्याला कळत होतं. मलाही कळत होतं.

“आणि बाकीचे?” त्यानं विचारलं. “इरफान... बाकीचे सगळे?”

“गाडीत तासभर बसणारच आहेस. एकेकाचं वाच आणि फोन लाव. विलासही ऐकेल, त्यानंही वाचायचे होते.”

मी व्हॅनची किल्ली चाचपली.

जिन्यात बाईंनी चपला घातल्या. एक पट्टा नीट बसेना, तसा समरजित वाकला आणि त्यानं तो लावून दिला. वाकलेलाच असताना त्यानं खालून विचारलं,

“बाई, तिनं दार उघडलं की तिला काय सांगू? आमच्या गुरू आल्यात म्हणू?”

बाई एक पायरी उतरल्या. कठड्याला धरून थांबल्या.

“म्हणावं, नकार आलेल्या तुझ्याच बॅचची आहे.”